पृथ्वीच्या शेपटात कणांना वेग कुठून येतो?

सौर वाऱ्यातला एखादा प्रोटॉन पृथ्वीजवळ पोचतो तेव्हा त्याची ऊर्जा साधारण एक किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. इलेक्ट्रॉनची त्याहून पुष्कळच कमी, दहा-पंधरा इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पृथ्वीच्या मागे, रात्रीच्या बाजूला, चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे पसरलेले एक चुंबकीय शेपूट आहे. तिथे मात्र काही कणांची ऊर्जा शेकडो किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत चढलेली आढळते. ज्या ठिकाणी ना ज्योत आहे ना स्फोट, आणि एका घनसेंटिमीटरमध्ये पुरता एक कणसुद्धा सापडेल याची खात्री नाही, तिथे हे घडते.

इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे माप समजायला सोपे आहे. एका व्होल्टच्या फरकातून इलेक्ट्रॉन सरकला की त्याला जेवढी ऊर्जा मिळते, तेवढा एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. खोलीतल्या हवेच्या रेणूची सरासरी ऊर्जा याच्या पंचविसाव्या हिश्शाइतकी भरते. त्या मानाने एक किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन सेकंदाला ४४० किलोमीटर धावतो, आणि तेवढ्याच ऊर्जेचा इलेक्ट्रॉन, वजनाने १,८३६ पट हलका असल्यामुळे, सेकंदाला जवळजवळ १९ हजार किलोमीटर.

या सगळ्या प्रकरणात एक नियम आडवा येतो. चुंबकीय क्षेत्र धावत्या कणाला वळवते, गोल फिरवते, बलरेषेभोवती गिरक्या घ्यायला लावते, पण त्याचा वेग तसूभरही वाढवत नाही. चुंबकीय बल कायम कणाच्या चालीला काटकोनात असते. त्यामुळे ते दिशा बदलते, ऊर्जा देत नाही. ऊर्जा देण्याचे काम विद्युत क्षेत्राचेच. चुंबकीय शेपूट हे नाव त्या अर्थाने थोडे फसवे म्हणायला हवे. तिथला चुंबक ऊर्जा साठवून ठेवतो, कणांना वाट आखून देतो, परंतु प्रत्यक्ष धक्का विजेचाच असतो. तेव्हा खरा प्रश्न असा की हे विद्युत क्षेत्र येते कुठून, आणि जी ऊर्जा कणांमध्ये दिसते तिला ते पुरते का.

आधी शेपटाची रचना. सौर वारा सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने येतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला दिवसाच्या बाजूला पृथ्वीच्या साधारण दहा त्रिज्यांवर, म्हणजे ६०-६५ हजार किलोमीटरवर अडवते. वारा मग बाजूने वळसा घालून पुढे जातो आणि जाताजाता चुंबकीय बलरेषा मागे ओढत नेतो. चंद्र ६० त्रिज्यांवर आहे, शेपूट त्याला ओलांडून कितीतरी पुढे जाते. १९८३ साली आयसी-३ हे यान दोनशेहून जास्त त्रिज्या मागे गेले, तरी शेपूट संपलेले नव्हते. नोव्हेंबर १९६३ मध्ये सोडलेल्या इम्प-१ या अमेरिकी उपग्रहाच्या मोजणीवरून नॉर्मन नेस यांनी १९६५ मध्ये या शेपटाचे पहिले नीट चित्र काढले.

त्या चित्रात दोन मोठे कप्पे आहेत, एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा. उत्तर कप्प्यात बलरेषा पृथ्वीकडे येतात, दक्षिण कप्प्यात पृथ्वीपासून दूर जातात. दोन्हीकडे क्षेत्राची तीव्रता वीसेक नॅनोटेस्ला. अलिबागच्या वेधशाळेत जमिनीवर मोजले जाणारे पृथ्वीचे क्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लाच्या वर असते, म्हणजे शेपटातले क्षेत्र त्याच्या दोन हजारांश. दोन कप्प्यांच्या मधोमध, जिथे दिशा उलटते, तिथे हे क्षेत्र जवळजवळ नाहीसे होते. उरते ती उत्तरेकडे तोंड केलेली एक-दोन नॅनोटेस्लाची पुसट खूण. दोन विरुद्ध क्षेत्रे अशी शेजारी नांदायची तर मधून विद्युतप्रवाह वाहावाच लागतो, आणि तो वाहतो शेपटाच्या आडवा, पहाटेच्या बाजूकडून संध्याकाळच्या बाजूकडे. या प्रवाहाभोवती गरम प्लाझ्माचा, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉन आणि आयनांचा, एक थर असतो. शांत वेळी त्याची जाडी पृथ्वीच्या काही त्रिज्यांइतकी. कणांच्या कथेतली बहुतेक सगळी घडामोड या थरात होते.

थरातल्या आयनांची ऊर्जा साधारण पाच किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट, इलेक्ट्रॉनांची त्याच्या पाचव्या-सातव्या हिश्शाइतकी. तपमानाच्या भाषेत सांगायचे तर आयन पावणेसहा कोटी अंशांवर आहेत. तरीही तिथे हात घातला तर चटका सोडाच, साधी ऊबही लागणार नाही, कारण कण फारच विरळ. सौर वाऱ्याच्या प्रोटॉनच्या मानाने ही पाचपट वाढ झालीच आहे, म्हणजे ऊर्जा मिळण्याचे काम इथे रोजच्या रोज, गाजावाजा न करता चालू असते. वर सांगितलेले शेकडो किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे कण हा त्याच्यावरचा कळस.

विद्युत क्षेत्र कुठून येते याचे उत्तर १९६१ मध्ये जेम्स डंजी या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने दिले. सौर वारा आपल्याबरोबर सूर्याचे चुंबकीय क्षेत्र घेऊन येतो. त्याचे तोंड दक्षिणेकडे असेल, तर पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूला उत्तरेकडे जाणाऱ्या बलरेषांशी त्याची गाठ पडते. विरुद्ध दिशेच्या दोन रेषा जवळ येतात, तुटतात आणि एकमेकींच्या टोकांना जोडल्या जातात. याला पुनर्जोडणी म्हणतात. आता एक टोक पृथ्वीत आणि दुसरे वाहत्या सौर वाऱ्यात, अशी रेषा वाऱ्याबरोबर ध्रुवांवरून मागे ओढली जाते आणि शेपटाच्या कप्प्यात येऊन पडते. कप्पे भरत जातात. मागे, शेपटाच्या मधोमध, उत्तर-दक्षिण रेषांची पुन्हा गाठ पडते, पुन्हा पुनर्जोडणी होते, आणि पृथ्वीला जोडलेल्या मिटलेल्या रेषा पुढे पृथ्वीकडे परततात. असे चक्र.

बलरेषा तुटते आणि जुळते हे बोलणे सोयीचे आहे, ते अक्षरशः घेऊ नये. रेषा ही नकाशावरच्या समोच्चरेषेसारखी आखलेली गोष्ट. खरे घडते ते इतकेच की एरवी प्लाझ्मा आणि चुंबकीय क्षेत्र हातात हात घालून हलतात, आणि एका छोट्याशा जागी ती गाठ सुटते.

सौर वाऱ्याचा हा प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रातून वाहतो तेव्हा शेपटाच्या आरपार विद्युत दाब तयार होतो. वीजकेंद्रातल्या जनित्रात चुंबकाच्या क्षेत्रातून तार फिरते, इथे तारेऐवजी वारा. दाब किती? ५० ते १०० हजार व्होल्ट. आकडा मोठा वाटतो, पण मुंबईच्या लोकलच्या डोक्यावरची तार २५ हजार व्होल्टची असते. अडीच लाख किलोमीटर रुंद शेपटाचा सगळा दाब म्हणजे त्या तारेच्या दुप्पट ते चौपट. मीटरमागे भागले तर ०.२ मिलिव्होल्टच्या आसपास. भिंतीवरच्या घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलइतका फरक पडायला शेपटात साडेसात किलोमीटर चालावे लागेल.

इथेच पेच पडतो. एखादा प्रोटॉन पहाटेच्या काठापासून संध्याकाळच्या काठापर्यंत सगळे शेपूट आडवे पार करून गेला, वाटेत कुठेही अडला नाही, तरी त्याच्या पदरात जास्तीत जास्त ५० ते १०० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट पडतील. एवढी सरळ वाट फारच थोड्या कणांना मिळते. इलेक्ट्रॉन उलट्या दिशेने जातील, मर्यादा तीच. शेपटात ४० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टहून जास्त ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांची तुटक तुटक बेटे आहेत, हे इम्प-१च्या मोजणीत १९६५ मध्येच दिसले होते. पुढे सत्तरच्या दशकात इम्प-७ आणि इम्प-८ यांनी तीस-चाळीस त्रिज्यांवर फिरताना शेकडो किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या कणांचे अचानक येणारे आणि मिनिटांत ओसरणारे झोत टिपले. शेपटाच्या दाबापेक्षा कणांची कमाई जास्त, असा हा ताळेबंद न जुळणारा प्रकार होता.

तो जुळवण्याआधी कण थरात नेमका कसा फिरतो ते पाहायला हवे. पाच किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन कप्प्यातल्या २० नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात असेल तर त्याच्या गिरकीची त्रिज्या ५०० किलोमीटर भरते. एक किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनची अवघी पाच किलोमीटर. प्रोटॉन सरकत सरकत मधल्या पातळ भागात आला की क्षेत्र दहापट कमी होते, गिरकी दहापट मोठी होऊ पाहते, पण ती पुरी होण्याआधीच तो मधली रेषा ओलांडून पलीकडच्या उलट्या क्षेत्रात जातो. तिथले क्षेत्र त्याला परत वळवते. परिणामी तो गोल फिरणे सोडून नागमोडी जाऊ लागतो, वर-खाली, वर-खाली, आणि ही सगळी नागमोड विद्युत क्षेत्राच्या दिशेने पुढे सरकते. गिरकी घेणारा कण विद्युत क्षेत्रात अर्धा वेळ कमावतो आणि अर्धा वेळ गमावतो. नागमोडी जाणारा फक्त कमावतो. उत्तरेकडचे ते एक-दोन नॅनोटेस्लाचे पुसट क्षेत्र मग त्याला हळूहळू वळवते आणि काही वेळाने पृथ्वीच्या दिशेने बाहेर फेकते. टी. डब्ल्यू. स्पायझर यांनी १९६५ मध्ये ही वाट गणिताने मांडली, तेव्हापासून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ते पुसट क्षेत्र दिसायला क्षुल्लक असले, तरी कण किती वेळ कमावणार हे तेच ठरवते. ते जरा जास्त झाले की कण लवकर बाहेर पडतो.

इलेक्ट्रॉनचे गणित वेगळे. त्याची गिरकी इतकी छोटी असते की बहुतेक ठिकाणी त्याला क्षेत्र जवळपास एकसारखेच भासते. अशा कणाला ऊर्जा मिळण्याच्या दोन जुन्या, भरवशाच्या वाटा आहेत. पहिली अशी की गिरकी घेणारा कण कमी क्षेत्रातून जास्त क्षेत्रात सावकाश नेला, तर गिरकीची ऊर्जा क्षेत्राच्या प्रमाणात वाढते. शेपटात पाच नॅनोटेस्लामध्ये असलेला पाच किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन पृथ्वीकडे येत येत ५० नॅनोटेस्लाच्या भागात पोचला की तो ५० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचा होतो. बीटाट्रॉन नावाच्या जुन्या कणत्वरकाशी असलेल्या साम्यामुळे या वाटेला बीटाट्रॉन त्वरण म्हणतात.

दुसरी वाट एन्रिको फर्मी यांनी १९४९ मध्ये विश्वकिरणांसाठी सुचवली होती. बलरेषेवर धावणारा इलेक्ट्रॉन पृथ्वीजवळच्या तीव्र क्षेत्रापाशी आला की मागे फिरतो, दुसऱ्या टोकाला जातो, तिथूनही मागे फिरतो. दहा किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन सेकंदाला ५८ हजार किलोमीटर धावत असल्यामुळे वीस त्रिज्या लांबीची रेषा तो दोन-सव्वादोन सेकंदांत पार करतो. आता ती रेषाच ताणलेले रबर सोडल्यासारखी आखडू लागली, तर? प्रत्येक फेरीत तो समोरून येणाऱ्या भिंतीवर आदळल्यासारखा होतो. पुढे येऊन मारलेल्या बॅटवरून चेंडू आला त्याहून वेगाने सुटतो, तसेच. रेषेची लांबी निम्मी झाली की त्या दिशेची ऊर्जा चौपट. रेषा मिनिटभरात आखडली, तर तेवढ्या वेळात इलेक्ट्रॉनच्या पंचवीस-तीस फेऱ्या होतात. प्रोटॉनला मात्र तीच रेषा एकदा पार करायला दीड मिनिट लागते. म्हणून ही वाट इलेक्ट्रॉनांना जशी फळते तशी प्रोटॉनांना फळत नाही.

या दोन्ही वाटांनी मिळणारी ऊर्जाही शेवटी विद्युत क्षेत्रातूनच येते. कण पृथ्वीकडे सरकताना थोडा थोडा आडवाही सरकत असतो, आणि त्या आडव्या सरकण्यात तो दाबाच्या पायऱ्या चढतो. शेपूट स्थिर असेल, सगळे संथपणे चालले असेल, तर हिशेब पुन्हा तिथेच येतो: एकूण दाबापेक्षा जास्त कमाई नाही.

सुटका होते ती शेपूट स्थिर नसल्यामुळे. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले की बदलते चुंबकीय क्षेत्र विद्युत क्षेत्र निर्माण करते. स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी याच तत्त्वावर चालते: शेगडी स्वतः तापत नाही, बदलत्या क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडात प्रवाह फिरतो. अशा विद्युत क्षेत्राला सुरुवात आणि शेवट नसतो, ते स्वतःभोवती वळलेले असते. त्यामुळे या टोकापासून त्या टोकापर्यंतचा दाब ही मर्यादाच त्याला लागू होत नाही. ३० हजार किलोमीटर लांब आणि ६० हजार किलोमीटर रुंद अशा तुकड्यात क्षेत्र पाच मिनिटांत ३० नॅनोटेस्लाने वाढले असे धरले, तर त्या तुकड्याच्या कडेकडेने १ लाख ८० हजार व्होल्टचा दाब भरतो. सौर वाऱ्याने शेपटावर टाकलेल्या सगळ्या दाबापेक्षा हा जास्त.

शेपटातले क्षेत्र असे झपाट्याने बदलते ते उपवादळाच्या वेळी, म्हणजे ध्रुवांजवळच्या आकाशातला प्रकाश अचानक उसळतो तेव्हा. ध्रुवीय प्रकाशाच्या या उसळीचा क्रम स्युन-इची आकासोफू यांनी १९६४ मध्ये मांडला. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात उत्तरेकडच्या अनेक ठिकाणी आख्खे आकाश एका छायाचित्रात टिपणारे कॅमेरे बसवले होते, त्यांची छायाचित्रे हा त्यांचा आधार. सौर वाऱ्याचे क्षेत्र दक्षिणेकडे वळले की तासभर कप्पे भरत राहतात, शेपूट ताणले जाते, आणि मधला प्रवाहाचा थर पातळ होत होत काही त्रिज्यांवरून काहीशे किलोमीटरवर येतो. म्हणजे प्रोटॉनच्या एका गिरकीएवढा. मग साठवलेले एकदम सुटते. उत्तरेच्या आकाशात शांत पडलेला हिरवा पट्टा मिनिटा-दोन मिनिटांत पेटतो, ध्रुवाकडे पसरतो, आणि दोन-तीन तासांत सगळे निवते.

हा क्षण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही नोंदला जातो. अलिबागला ध्रुवीय प्रकाश दिसत नाही, पण उपवादळ सुटते त्या वेळी तिथल्या चुंबकमापकांत ४० ते १५० सेकंदांच्या बारीक लाटा उठतात, आणि उपवादळाची वेळ ठरवायला कमी अक्षांशांवरच्या अशा नोंदी उपयोगी पडतात. ही वेधशाळा मूळची मुंबईतल्या कुलाब्याची. मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार म्हटल्यावर तिथल्या प्रवाहांनी नाजूक नोंदी बिघडतील हे ओळखून १९०४ मध्ये चुंबकीय मोजणी अलिबागला हलवली. आता ती नवी मुंबईतल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

साठलेली ऊर्जा सुटते ती पुनर्जोडणीच्या जागी, एवढ्यावर शास्त्रज्ञांचे एकमत व्हायलाही बराच काळ गेला. गडबड पृथ्वीजवळ, दहाएक त्रिज्यांवर सुरू होऊन मागे पसरते असा एक पक्ष होता. वीसएक त्रिज्यांवर पुनर्जोडणी आधी होते आणि तिचा लोंढा पुढे येतो, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. दोन्ही घटनांत अंतर दोन मिनिटांचे, आणि एकटे यान एका वेळी एकाच जागी असणार. हा तंटा सोडवण्यासाठी फेब्रुवारी २००७ मध्ये नासाने थेमिस मोहिमेची पाच याने एकदम सोडली, आणि ती शेपटात ओळीने उभी राहतील अशा कक्षा निवडल्या. २६ फेब्रुवारी २००८च्या उपवादळात वीस त्रिज्यांच्या सुमारास पुनर्जोडणी आधी झाली आणि ध्रुवीय प्रकाश उजळला तो दीड मिनिटाने. दुसऱ्या पक्षाची सरशी झाली. प्रत्येक उपवादळ त्याच क्रमाने सुटते असे मात्र एका रात्रीवरून म्हणता येत नाही, आणि वाद पूर्ण शमलेला नाही.

पुनर्जोडणीच्या ऐन जागेत शिरून पाहण्याचे काम एमएमएस या चार यानांनी केले. मार्च २०१५ मध्ये सोडलेली ही याने एकमेकांपासून काही किलोमीटरवर, पिरॅमिडच्या चार टोकांसारखी उडतात आणि इलेक्ट्रॉनांचे पूर्ण मोजमाप दर ३० मिलिसेकंदांनी घेतात. ११ जुलै २०१७ रोजी पृथ्वीपासून २२ त्रिज्यांवर ती चौघे थेट त्या गाठीतून गेली. इलेक्ट्रॉनांचे झोत सेकंदाला १५ हजार किलोमीटरने दोन्ही बाजूंना सुटत होते. आकडा डोळे दिपवणारा, पण इलेक्ट्रॉनच्या हिशेबात ही ऊर्जा साडेसहाशे इलेक्ट्रॉन-व्होल्टसुद्धा नाही. म्हणजे शेकडो किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टची कमाई त्या बिंदूत उरकत नाही. १ एप्रिल १९९९ रोजी विंड हे यान ६० त्रिज्यांवर पुनर्जोडणीच्या प्रदेशातून गेले, तेव्हा ३०० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतचे इलेक्ट्रॉन तिथे होते. त्यांना समजावून सांगायला गाठीभोवती तयार होणाऱ्या चुंबकीय बेटांचा आधार घेतला जातो. ही बेटे म्हणजे मिटलेल्या रेषांचे लांबोडके कडे. ते आखडून गोल होऊ लागले की आत अडकलेला इलेक्ट्रॉन फर्मीच्या वाटेने फेरीगणिक कमावतो, आणि अशी अनेक बेटे एकमेकांत मिसळत असतील तर एका बेटातून दुसऱ्यात. त्याखेरीज गाठीच्या आसपास क्षेत्र कधी कधी खळाळत्या पाण्यासारखे अस्ताव्यस्त होते. तिथे मीटरला दहा-दहा मिलिव्होल्ट आणि त्याहूनही तीव्र अशी क्षणिक विद्युत क्षेत्रे उठतात, आणि एखाददुसऱ्या नशीबवान कणाला लागोपाठ अनुकूल धक्के बसतात.

मोठा वाटा मात्र त्यानंतरच्या प्रवासाचा. गाठीतून पृथ्वीकडे सुटलेल्या प्लाझ्माचे झोत रुंद नसतात. पृथ्वीच्या दोन-तीन त्रिज्यांएवढी त्यांची रुंदी, आणि सेकंदाला ४०० किलोमीटर किंवा जास्त वेग. आतला प्लाझ्मा भोवतालपेक्षा विरळ असल्यामुळे ते पाण्यातल्या बुडबुड्यासारखे पृथ्वीकडे वर चढतात. बुडबुड्याच्या तोंडाशी चुंबकीय क्षेत्राची एक धारदार भिंत असते. फेब्रुवारी २००९ मध्ये थेमिसच्या यानांनी अशी एक भिंत २० त्रिज्यांवरून ११ त्रिज्यांपर्यंत येताना एकामागून एक पाहिली. ती सेकंदाला ३०० किलोमीटरने चालली होती, आणि जिथून जाई तिथे उत्तरेकडचे क्षेत्र काही सेकंदांत कितीतरी पटींनी उसळत होते.

या भिंतीचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. सेकंदाला ३०० किलोमीटर गुणिले २० नॅनोटेस्ला म्हणजे मीटरला सहा मिलिव्होल्ट. नेहमीच्या शेपटातल्या क्षेत्राच्या हे तीस पट. भिंत १५ हजार किलोमीटर रुंद धरली तर तिच्या या काठापासून त्या काठापर्यंत ९० हजार व्होल्ट. सगळ्या शेपटाचा दाब जणू त्याच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शात कोंबला आहे. इलेक्ट्रॉन या भिंतीत सापडला की तिच्याबरोबर वाहत पृथ्वीकडे येतो, भोवतालचे क्षेत्र वाढत असल्यामुळे बीटाट्रॉनच्या वाटेने फुगत जातो, शिवाय त्याची रेषाही आखडत असते. दोन्ही वाटा एकाच वेळी खुल्या. क्षेत्राच्या फरकामुळे तो मधूनच बाजूने निसटू पाहतो, पण भिंतीमागचा उंचवटा काही जणांना बराच काळ आत धरून ठेवतो, आणि असे अडकलेले इलेक्ट्रॉनच सगळ्यात जास्त ऊर्जेचे निघतात.

प्रोटॉनची गोष्ट जास्त आडदांड. दोन नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात त्याची एक गिरकी अर्ध्या मिनिटाची. भिंत काही सेकंदांत येऊन ठेपते, त्यामुळे सावकाश होणाऱ्या बदलाचे सगळे नियम त्याच्यापुरते रद्द. तो सरळ भिंतीवर आपटून पुढे उसळतो आणि भिंतीच्या वेगाच्या दुप्पट जादा वेग घेऊन जातो. म्हणून भिंत पोचण्याच्या आधीच तिच्यापुढे पृथ्वीकडे धावणाऱ्या आयनांची वर्दी लागते. यातल्या ऑक्सिजनच्या आयनांचे आणखी वेगळे. ते सौर वाऱ्याचे नाहीतच. पृथ्वीच्याच वातावरणाच्या वरच्या थरातून निसटून शेपटात गेलेले, प्रोटॉनच्या सोळापट जड. गिरकी मोठी असल्यामुळे भिंतीच्या रुंद विद्युत क्षेत्रात ते लांबवर कमावतात, आणि धामधुमीच्या काळात शेपटातल्या गरम आयनांत त्यांचा वाटा लक्षणीय होतो.

दहा त्रिज्यांच्या आत पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र इतके तगडे होते की लोंढा अडतो, दोन बाजूंना वळतो आणि तापलेले कण मागे सोडतो. ३६ हजार किलोमीटर उंचीवरचे भूस्थिर उपग्रह मध्यरात्रीच्या बाजूला असतील तर त्यांच्या मोजपट्टीवर दहा-दहा, शंभर-शंभर किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या कणांची संख्या एकदम चढते. तिथून इलेक्ट्रॉन पूर्वेकडे आणि प्रोटॉन पश्चिमेकडे पृथ्वीला प्रदक्षिणा घालू लागतात. ज्याची ऊर्जा जास्त तो पुढे. त्यामुळे दुपारच्या बाजूच्या उपग्रहाला आधी जास्त ऊर्जेचे कण भेटतात, मग मधले, मग कमी ऊर्जेचे. १०० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन साधारण तासाभरात फेरी पुरी करून पुन्हा मूळ जागी हजर होतो, आणि आलेखावर पहिल्या उसळीचा प्रतिध्वनी उमटतो.

उपग्रहांसाठी हा पाहुणा बरा नव्हे. मध्यरात्र ते पहाट या पट्ट्यात हे इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या पृष्ठभागावर साचतात, भाग कमीजास्त भारित होतात आणि ठिणगी पडते. ५ एप्रिल २०१० रोजी गॅलेक्सी-१५ हा दूरसंचार उपग्रह आज्ञा ऐकेनासा झाला. तो डिसेंबरमध्ये पुन्हा ताब्यात येईपर्यंत प्रक्षेपण चालू ठेवून वाऱ्यावर वाहत राहिला होता. बिघाडाच्या थोडे आधी एक जोरदार उपवादळ होऊन गेले होते.

हेच इलेक्ट्रॉन पुढे व्हॅन ॲलन पट्ट्यांना, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या जास्त ऊर्जेच्या कणांच्या कड्यांना, बियाणे पुरवतात. दहा-वीस किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन एक प्रकारच्या रेडिओ लहरी उठवतात, आणि शंभर-दोनशेचे इलेक्ट्रॉन त्या लहरींवर स्वार होऊन दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पुढे जातात. २०१२ ते २०१९ या काळात फिरलेल्या व्हॅन ॲलन प्रोब या दोन यानांनी या क्रमाला भक्कम पुरावा दिला. ध्रुवीय प्रकाश पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा बराचसा शेवटचा वेग मात्र शेपटातला नसतो. तो त्यांना जमिनीपासून काही हजार किलोमीटर उंचीवर, बलरेषेच्या दिशेने असलेल्या विद्युत क्षेत्रात मिळतो. शेपूट माल पुरवते, शेवटचा दणका घराजवळ बसतो.

पुनर्जोडणीतून जेवढे पृथ्वीकडे येते तेवढेच जवळपास उलट्या दिशेने बाहेर जाते. मिटलेल्या रेषांचे अवाढव्य गोळे तापलेला प्लाझ्मा पोटात घेऊन शेपटाच्या टोकाकडे सुटतात आणि सौर वाऱ्यात मिसळून जातात. त्यांच्या वाटेवर चंद्र येतो. दर महिन्याला पौर्णिमेच्या आगेमागे पाच-सहा दिवस चंद्र या शेपटातून जातो. सौर वाऱ्यापासून त्या दिवसांत त्याला आडोसा असतो, पण प्लाझ्माचा थर वर-खाली हलून त्याच्यावरून गेला की तापलेल्या कणांचा मारा त्याच्या मातीवर होतो. थेमिसच्या पाचांपैकी दोन याने २०११ पासून चंद्राभोवती फिरत हीच मोजणी करत आहेत. भारताचे चंद्रयान-२ चंद्राच्या कक्षेत पोचले त्यानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबर २०१९च्या पौर्णिमेच्या सुमारास, पहिल्यांदा शेपटातून गेले. चंद्राच्या मातीतली मूलद्रव्ये क्ष-किरणांवरून ओळखण्यासाठी त्याच्यावर ‘क्लास’ नावाचे उपकरण आहे. त्या दिवसांत त्याच्या शोधकांवर विद्युतभारित कणांच्या कमीजास्त होणाऱ्या सरी पडलेल्या नोंदल्या गेल्या.